ओळीच्या पहिल्या घरात

टर्मिनलवर ‘मॅन चॅट’ असं लिहून एंटर दाबलं की पडद्यावर एक पान उलगडतं. युनिक्सच्या घराण्यातल्या संगणकांवर जवळपास प्रत्येक आज्ञेचं असं एक पान असतं. मॅन म्हणजे मॅन्युअल. ‘चॅट’ हा एक छोटा प्रोग्राम आहे आणि त्याचं काम मॉडेमशी बोलणं. पानावर तारीख आहे २२ मे १९९९. त्यात एक उदाहरण दिलेलं आहे: फोन व्यस्त लागला तर थांब, ‘नो कॅरिअर’ असं उत्तर आलं तर थांब, नाहीतर मॉडेम पूर्वपदावर आण आणि नंबर फिरव.

या पानाची मूळ फाइल मी उतरवून घेतली आणि त्या उदाहरणातली एक लांब ओळ मधेच तोडून तिच्या दोन केल्या. अक्षर एकही बदललं नाही, फक्त एकदा एंटर दाबलं. दुसरी ओळ आता ‘नो कॅरिअर’ या शब्दांपासून सुरू होत होती, आणि त्या शब्दांच्या आधी मूळ फाइलमध्ये असलेलं एकेरी अवतरणचिन्ह ओळीच्या अगदी पहिल्या घरात आलं होतं. पान पुन्हा उघडलं. आधीची ओळ होती, नंतरची होती, ही मधली नव्हती. फाइलमध्ये ती जिथल्या तिथे, जशीच्या तशी. पडद्यावर मात्र तिचा मागमूस नाही, आणि चूक झाल्याची साधी सूचनासुद्धा नाही.

ही ओळ का गेली हे शोधत मी जिथे पोचलो ते मला सांगायचं आहे. त्यासाठी आधी मॉडेमकडे जावं लागेल.

ज्यांनी चाळिशी ओलांडली आहे त्यांना वाशी-नेरुळच्या फ्लॅटमध्ये रात्री घुमणारा तो आवाज आठवत असेल: आधी नंबर फिरल्याचे सूर, मग शिट्टी, मग खरखर, आणि मग एकदम शांतता. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा मुंबई पहिल्या शहरांत होती. घरची फोनलाइन एमटीएनएलची, तिला मॉडेम जोडायचा आणि निगमच्या संगणकाला चक्क फोन लावायचा. स्वस्तातलं खातं होतं ‘शेल अकाउंट’. त्यात चित्रं नव्हती, पडद्यावर फक्त अक्षरं. पलीकडचा संगणक विचारायचा, ‘लॉगिन?’ आपण नाव सांगायचं. तो विचारायचा, ‘पासवर्ड?’ आपण तो द्यायचा.

मुंबईत संगणकांनी एकमेकांना फोन लावण्याची रीत त्याहून जुनी आहे. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने ‘अर्नेट’ हे शिक्षण-संशोधनासाठीचं जाळं उभारायला घेतलं. त्यात पाच आयआयटी होत्या, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था होती आणि जुहूचं राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र म्हणजे एनसीएसटी होतं. सुरुवातीला या जाळ्यावर ईमेलच चाले, तोही ‘यूयूसीपी’ नावाच्या पद्धतीने: एका यंत्राने दुसऱ्याला फोन लावायचा, टपाल द्यायचं, टपाल घ्यायचं, फोन ठेवायचा. दिल्ली आणि मुंबई यांच्यामध्ये कायमची लाइन आली जानेवारी १९९१ मध्ये. तिचा वेग सेकंदाला ९६०० बिट होता. तुम्ही वाचताय तो हा लेख तिच्यावरून जायला अर्धं-पाऊण मिनिट लागलं असतं. एनसीएसटी पुढे सी-डॅकमध्ये विलीन झालं, आणि आज लोकलने खारघर स्टेशनला उतरून रेनट्री मार्गाला लागलं की बेलापूर सेक्टर ७ मधला त्याचा परिसर दिसतो. मी त्या रस्त्याने पुष्कळदा गेलो आहे, पण त्या इमारतींच्या वंशावळीत टेलिफोनच्या घंटा आहेत हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

यूयूसीपी ही अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये माइक लेस्क यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात लिहिलेली व्यवस्था. पलीकडच्या प्रत्येक यंत्रासाठी तिच्यात एक ओळ असे, आणि त्या ओळीत जोड्या: समोरून काय ऐकू यायला हवं आणि मग आपण काय म्हणायचं. चॅटने हीच रीत उचलली. वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात विंगेत उभा असलेला नट समोरच्याच्या वाक्याचा शेवट कानात तेल घालून ऐकत असतो. तो ऐकू आला की हा प्रवेश करतो. चॅटची संहिता म्हणजे अशाच ‘ऐक आणि बोल’च्या जोड्यांची माळ आहे. समोरच्याने वाक्य गाळलं तर काय म्हणायचं, हेसुद्धा तिच्यात आधीच लिहून ठेवता येतं. किती वेळ वाट पाहायची तेही सांगता येतं. न सांगितल्यास ४५ सेकंद.

या संहितांमधली माझी सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे एक मुद्दाम केलेली शुद्धलेखनाची चूक. त्यांत ‘लॉगिन’ असं कुणी लिहीतच नाही, लिहितात ‘ऑगिन’. ‘पासवर्ड’ नव्हे, ‘सवर्ड’. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, टंकताना गडबड झाली. पण कारण अगदी व्यवहारातलं आहे. फोन लागून लाइन स्थिर होते त्या क्षणी समोरचा शब्द आधीच सुरू झालेला असू शकतो आणि त्याचं पहिलं अक्षर वाटेत हरवू शकतं. शिवाय इंग्रजीत ते अक्षर कुणी मोठ्या लिपीत पाठवतं, कुणी छोट्या. म्हणून भरवशाचा तेवढाच भाग ऐकायचा. ट्रंक कॉलच्या काळात गावाकडे फोन लावलेल्यांना हे वेगळं सांगायला नको: ‘हॅलो’मधला ‘हॅ’ कधी पोचायचाच नाही, ‘लो’वरूनच माणूस ओळखायचा.

आता त्या पानाकडे परत येऊ. मॅन पेजची मूळ फाइल ही साधी अक्षरांची फाइल असते आणि मजकुराच्या मधेमधे तिच्यात मांडणीच्या सूचना पेरलेल्या असतात. मुद्रितशोधक समासात खुणा करतो ना, इथे ठळक करा, इथे नवा परिच्छेद घ्या, तशाच या खुणा. फरक इतकाच की इथे समास नाही. खुणा आणि मजकूर एकाच रांगेत उभे असतात आणि त्यातलं काय छापायचं, काय पाळायचं, हे वाचणाऱ्या प्रोग्रामला ओळखावं लागतं.

ही ओळख पटवण्याची युक्ती १९६४ च्या आसपासची. एमआयटीत जेरोम सॉल्टझर यांनी ‘रनऑफ’ नावाचा प्रोग्राम लिहिला, त्यात ठरलं की ओळ टिंबाने सुरू झाली तर ती सूचना. केवढा साधा आणि हुशार निर्णय! पूर्णविराम वाक्याच्या शेवटी येतो. ओळीची सुरुवात टिंबाने करायचं कुणाला काय कारण? रनऑफवरून रॉफ आला. बेल लॅब्समध्ये युनिक्सचे जनक थॉम्प्सन आणि रिची यांनी युनिक्सचं पहिलं मॅन्युअल याच रॉफने मांडून ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेने काढलं. पुढे जो ओसाना यांनी ‘ट्रॉफ’ लिहिला, तो फिल्मवर प्रकाशाने अक्षरं उमटवणाऱ्या टाइपसेटर यंत्रासाठी. ओसाना १९७७ मध्ये वारले, मग ब्रायन कर्निघन यांनी ट्रॉफ नव्याने घडवला, आणि १९९० मध्ये जेम्स क्लार्क यांनी त्याचा मुक्त अवतार ‘ग्रॉफ’ आणला. आज लिनक्सवर मॅन पेज उघडताना पडद्याआड काम करतो तो सहसा हा ग्रॉफच. पन्नास वर्षांपूर्वीच्या छपाईयंत्राच्या सवयी त्याच्या अंगात अजून आहेत.

रॉफच्या घराण्यात टिंबाला एक जोडीदार आहे, एकेरी अवतरणचिन्ह. तेही ओळीच्या पहिल्या घरात आलं तर ती ओळ सूचना समजली जाते. माझी ओळ गेली ती इथे. ग्रॉफने पहिल्या घरातलं अवतरणचिन्ह पाहिलं, पुढचा ‘नो’ हा शब्द सूचनेचं नाव समजला, अशी सूचना आपल्याला माहीत नाही असं ठरवलं आणि सगळी ओळच सोडून दिली. इशारा द्यायची त्याची तयारी असते, पण ते इशारे आपण मुद्दाम मागावे लागतात.

आणि चॅट हा असा प्रोग्राम आहे की त्याच्या संहितांमध्ये एकेरी अवतरणचिन्हं जागोजाग असतात. काहीही ऐकायची वाट न पाहता आधी आपणच बोलायचं असेल, तर ‘ऐक’च्या जागी रिकामी अवतरणचिन्हं लिहितात. म्हणजे इथे काहीच न ऐकण्याचंसुद्धा एक चिन्ह आहे, आणि ते चुकून ओळीच्या सुरुवातीला आलं की अख्खी ओळ घेऊन जातं.

खरी नवलाई याच्याही पुढे आहे. ओळीच्या मधोमध सूचना द्यायच्या तर टिंब उपयोगाचं नाही, म्हणून ट्रॉफने त्यासाठी बॅकस्लॅश निवडला, ती डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरकी रेघ. हे चिन्ह माणसांच्या लिखाणात कधीच नव्हतं. बॉब बेमर यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी ते संगणकाच्या अक्षरसंचात आणलं. सरळ आणि उलट अशा दोन तिरक्या रेघा शेजारी ठेवून गणितातली ‘आणि’, ‘किंवा’ची चिन्हं तयार करता यावीत हा हेतू. ज्या चिन्हाची मजकुरात कुणाला गरजच पडणार नाही, तेच सूचनेसाठी घ्यावं, हा हिशोब बरोबर होता. मात्र चॅटनेही नेमका तोच हिशोब केला. त्याच्याही संहितेत बॅकस्लॅश आला की पुढचं अक्षर म्हणजे शब्द नव्हे, हुकूम.

त्यामुळे एकाच चिन्हावर दोन भाषांचा दावा आहे, आणि पुढची अक्षरंसुद्धा जवळपास तीच. चॅटमध्ये बॅकस्लॅशपुढे ‘डी’ म्हणजे एक सेकंद थांब. रॉफमध्ये त्याच जोडीचा अर्थ अर्धी ओळ खाली उतर. चॅटमध्ये ‘एस’ म्हणजे एक मोकळी जागा, रॉफमध्ये टाइपाचा आकार बदल. चॅटमध्ये ‘पी’ म्हणजे सेकंदाचा दहावा भाग थबक. रॉफमध्ये ओळ इथे तोडून दोन्ही समासांपर्यंत ताण. चॅटमध्ये ‘आर’ म्हणजे एंटर, रॉफमध्ये एक ओळ वर चढ. चॅटच्या पानावर एखाद्याने हे हुकूम निष्काळजीपणे जसेच्या तसे लिहिले, तर ते वाचकापर्यंत पोचतच नाहीत. मधल्या मधे ग्रॉफ ते पाळून मोकळा होतो, आणि वाचकाला दिसतात त्याचे परिणाम: कुठे गिळलेलं अक्षर, कुठे विनाकारण खाली घसरलेली ओळ. ‘सी’ मात्र मला थक्क करतो. चॅटमध्ये त्याचा अर्थ, वाक्याच्या शेवटी आपसूक जाणारा एंटर पाठवू नकोस. रॉफमध्ये त्याचा अर्थ, ओळ संपली तरी मजकूर संपला असं समजू नकोस. दोघांचंही म्हणणं एकच आहे: अजून थांबायचं नाही.

यावर उपाय म्हणून रॉफमध्ये बॅकस्लॅशपुढे ‘ई’ लिहितात. त्याचा अर्थ, इथे खराखुरा बॅकस्लॅश छाप. म्हणजे चॅटचा एक सेकंदाचा हुकूम पानावर दाखवायचा तर लेखकाने लिहायचं बॅकस्लॅश, ई, डी. ग्रॉफ त्यातलं ‘ई’ काढून पानावर बॅकस्लॅश आणि डी उमटवतो. वाचक ते पाहून आपल्या आज्ञेत लिहितो. आता वाटेत शेल, म्हणजे टंकलेली आज्ञा वाचून ती चालवणारा प्रोग्राम, उभा असतो, आणि बॅकस्लॅश काढून टाकायची त्यालाही सवय आहे, म्हणून वाचकाने ते अवतरणचिन्हांत गुंडाळायला हवं. शेल अवतरणचिन्हं उतरवून उरलेलं चॅटच्या हाती देतो. चॅट बॅकस्लॅश आणि डी दोन्ही गिळतो आणि एक सेकंद गप्प राहतो. इतक्या हातांतून गेल्यावर मॉडेमपर्यंत काय पोचतं? एकही अक्षर नाही. पोचते ती एका सेकंदाची शांतता, जशी त्या पानाच्या लेखकाला हवी होती तशीच. टपालाचं पाकीट दर टप्प्यावर एकेक आवरण उतरवत जावं आणि शेवटच्या माणसाच्या हातात रिकामी पण अगदी अचूक जागा पडावी, तसं हे आहे.

हरवलेल्या ओळीवरचा उपाय तर याहून नाजूक आहे. रॉफमध्ये शून्य रुंदीचं एक अक्षर आहे. ते दिसत नाही, जागा घेत नाही, छापलं जात नाही. बॅकस्लॅश आणि त्यापुढे इंग्रजीतलं ‘आणि’चं चिन्ह अशा जोडीने ते लिहितात. अवतरणचिन्हाच्या आधी ते ठेवलं की अवतरणचिन्ह ओळीच्या दुसऱ्या घरात जातं आणि ग्रॉफच्या लेखी पुन्हा साधं अक्षर होतं. पहिल्या घरात काहीतरी आहे एवढंच त्याला पुरतं.

मराठी वाचकाला शून्य रुंदीच्या अक्षराचं नवल वाटू नये, कारण आपली लिपीही त्याच्या आधाराने उभी राहिली आहे. ‘आचार्यांना’ दक्षिणा देतात आणि ‘आचाऱ्यांना’ मजुरी. पहिल्यात रफार डोक्यावर चढतो, दुसऱ्यात ‘र’ पापणीसारखा आडवा होतो, आणि अर्थ गुरूवरून स्वयंपाक्यावर येतो. युनिकोडमध्ये ही पापणी दोन तऱ्हांनी लिहिता येते. त्यातल्या एकीत ‘र’ आणि हलन्तानंतर एक अदृश्य, शून्य रुंदीचं जोडअक्षर ठेवतात. पडद्यावर ते स्वतः कधीच दिसत नाही, पण मजकूर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेताना गळून पडलं तर आचाऱ्यांचे आचार्य होतात. रॉफच्या आणि आपल्या अदृश्य अक्षराची कामं वेगळी आहेत, जातकुळी मला एकच वाटते.

उरला हायफन. चॅटच्या संहितेत तो बिजागरीसारखं काम करतो. ‘ऑगिन’ ऐकू आलं नाही तर लाइनला धक्का दे आणि पुन्हा ‘ऑगिन’ ऐक, ही सगळी पर्यायी योजना हायफननी जोडून एकाच शब्दासारखी लिहितात. रॉफच्या मते साधा हायफन म्हणजे शब्द जोडणारं छपाईतलं चिन्ह, आणि ओळ भरली तर तो तिथे तोडायला हरकत नाही. आज्ञेत टंकायची वजाबाकीसारखी रेघ हवी असेल तर हायफनआधी बॅकस्लॅश द्यायचा. पडद्यावर दोन्ही रेघा इतक्या सारख्या दिसतात की वर्षानुवर्षं पुष्कळांनी हा भेद पाळलाच नाही. मग २०२३ मध्ये ग्रॉफची १.२३ ही आवृत्ती आली आणि तिने मॅन पेजमधला साधा हायफन युनिकोडच्या खऱ्या हायफनच्या रूपात दाखवायला सुरुवात केली. पानावरून उचलून टर्मिनलवर चिकटवलेल्या आज्ञा चालेनाशा झाल्या, पानात शोधूनही पर्याय सापडेनात, कारण शेलला हवी ती रेघ वेगळी होती. लिनक्सच्या डेबियनसारख्या वितरणांनी आपल्याकडे जुनी वागणूक परत आणली. लोकांची अडचण मला कळते, तरी माझा कौल ग्रॉफच्या बाजूने आहे. चूक पानांमध्ये होती आणि ती पानांमध्येच दुरुस्त व्हायला हवी, एकेक रेघ तपासून.

हे तपासण्याचं काम चालतं कसं, तर ग्रॉफला सगळे इशारे मागायचे, तो ओळ क्रमांकासह कुरकुरतो, आणि मग त्या ओळीशी बसायचं. तयार झालेल्या दुरुस्तीला पॅच म्हणतात. त्यात जुनी ओळ वजाच्या खुणेने, नवी ओळ अधिकच्या खुणेने. कित्येकदा दोन ओळी शेजारी ठेवून पाहिल्या तरी फरक डोळ्यांना चटकन सापडत नाही. तरीही तो स्वीकारला गेला की त्याचा प्रवास लांबचा असतो. चॅट हा पीपीपी या संचाचा भाग आहे, तो डेबियनमध्ये जातो, आणि डेबियनवर आधारलेल्या वितरणांमध्ये आपल्या सी-डॅकचं ‘बॉस’ लिनक्सही आहे.

आता मॉडेम कुठे राहिलेत, असं कुणी विचारेल. ते गेले नाहीत, आकसले. १९८१ च्या हेज स्मार्टमॉडेमने ‘एटी’ या दोन अक्षरांनी आज्ञा सुरू करायचा पायंडा पाडला. एटी म्हणजे ‘अटेन्शन’, इकडे लक्ष दे. तो मॉडेम सेकंदाला ३०० बिट पाठवायचा. हा लेख त्याने वीसेक मिनिटांत पोचवला असता. २००२ च्या डिसेंबरात रिलायन्स इन्फोकॉमने सीडीएमए सेवा जाहीर केली. कंपनीचं मुख्यालय होतं नवी मुंबईतच, कोपरखैरण्याला. त्या सेवेचा मोबाइल केबलने संगणकाला जोडून इंटरनेट घेताना फिरवायचा नंबर होता #७७७, आणि लिनक्सवर तो फिरवणारी संहिता अनेकदा चॅटचीच. त्यातही पहिल्या घराचा नियम आहेच: चॅटच्या फाइलमध्ये # हे चिन्ह ओळीच्या सुरुवातीला आलं तर ती ओळ शेरा समजून सोडली जाते. आधी ‘एटीडीटी’ असायचं म्हणून ७७७ वाचला. आजही लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या नखाएवढ्या जीएसएम मॉड्यूलला ‘एटी’ म्हटलं की ते ‘ओके’ म्हणतं.

माझ्या फाइलमधली ती तोडलेली ओळ मी पुन्हा जोडली नाही. तिच्या पहिल्या घरात ते शून्य रुंदीचं अक्षर ठेवलं, फाइल जपली आणि पान परत उघडलं. व्यस्त असेल तर थांब. त्याच्या शेजारी, मधे काही घडलंच नव्हतं अशा थाटात, ‘नो कॅरिअर’.